पहिली सत्तर कोटी वर्षं: चंद्रविवरांच्या मोजणीच्या नोंदी

११ ऑक्टोबर २०२५

आज ठरलं. २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाला तालुक्याच्या वाचनालयात चंद्राच्या इतिहासाची साडेचार मीटर लांब कालपट्टी लावायची. एक सेंटीमीटर म्हणजे एक कोटी वर्षं. उजव्या टोकाला आजचा दिवस आणि डाव्या टोकाला चंद्राचा जन्म, सुमारे ४५० कोटी वर्षांपूर्वीचा. चंद्रावरच्या विवरांच्या ज्या मोजणीवरून शास्त्रज्ञांनी हा काळ लावला, ती मोजणी लहान प्रमाणात आपण स्वतः करायची आणि मगच पट्टीवर काही लिहायचं, ही माझी अट सगळ्यांनी मान्य केली. सगळे म्हणजे तिघं: मी, जीआयएसच्या, म्हणजे संगणकावरच्या नकाशांच्या, नोकरीत असलेली माझी मैत्रीण आणि आम्हा दोघींना कॉलेजात भूशास्त्र शिकवलेले, आता निवृत्त झालेले सर.

मला ओढ आहे ती पट्टीच्या डाव्या टोकाची. पृथ्वीवर त्या काळाचं जवळजवळ काहीच उरलेलं नाही. कॅनडातला अकास्टा नाइस हा सर्वांत जुन्या ज्ञात खडकांपैकी एक, तो सुमारे ४०० कोटी वर्षांचा. त्याआधीचे म्हणून पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या जॅक हिल्सचे झिरकॉन या खनिजाचे कण आहेत. त्यांतले सर्वांत जुने ४४० कोटी वर्षांचे, आणि आकाराने वाळूच्या कणाएवढे. बाकी सगळं भूपट्टांच्या हालचालींनी गिळलं, पावसाने आणि नद्यांनी झिजवलं. चंद्रावर हवा नाही, पाऊस नाही, भूपट्ट नाहीत. तिथे पडलेला खड्डा दुसरा खड्डा येऊन मोडेपर्यंत तसाच राहतो, म्हणून पृष्ठभाग जितका जुना तितके खड्डे जास्त. आणि चंद्रावर जे आदळत होतं, तेच पृथ्वीवरही आदळत होतं. पृथ्वी मोठी आणि तिचं गुरुत्व जास्त, म्हणून इथला मारा कितीतरी अधिक. आपल्या घराचं बालपण शेजारच्या भिंतीवर नोंदलेलं आहे, ते वाचायचं आहे.

साधनं ठरली. नासाच्या लुनार रिकॉनिसन्स ऑर्बिटरच्या (२००९ पासून चंद्राभोवती फिरतंय) रुंद कॅमेऱ्याचा सगळ्या चंद्राचा जोडनकाशा, एका पिक्सेलला १०० मीटर. एक किलोमीटरचं विवर म्हणजे दहा पिक्सेल. त्याहून लहान काही मोजायचं नाही. नकाशावर १०० किलोमीटर बाजूचे तीन चौकोन घ्यायचे, म्हणजे प्रत्येकी १०,००० चौरस किलोमीटर.

१९ ऑक्टोबर २०२५

आजचा दिवस सूत्रात गेला. गेर्हार्ड नॉयकुम या जर्मन शास्त्रज्ञाच्या गटाने बसवलेलं, एक किलोमीटरहून मोठ्या विवरांची घनता आणि पृष्ठभागाचं वय यांना जोडणारं सूत्र आम्ही वापरणार आहोत. त्याचे दोन भाग आहेत. एक भाग वयाबरोबर सरळ रेषेत वाढतो: ठरावीक वेगाने पडत राहिलेली विवरं. दुसरा भाग घातांकी आहे, आणि मागे जाताना दर १० कोटी वर्षांनी तो दुप्पट होतो. ३०० कोटी वर्षांच्या अलीकडे हा दुसरा भाग नगण्य, ३५० कोटींच्या पलीकडे तोच सगळं खाऊन टाकतो.

आमच्या एका चौकोनासाठी आकडे हाताने काढले. पृष्ठभाग २०३ कोटी वर्षांचा असेल तर एक किलोमीटरहून मोठी १७ विवरं अपेक्षित. ३१५ कोटी: २८. ३५० कोटी: ४८. ३६० कोटी: ६७. ३७० कोटी: १०५. ३९० कोटी: ३३०. ४१० कोटी: १,२२०.

हे आकडे मी पुन्हा पुन्हा बघत बसले. दोनशे कोटींपासून साडेतीनशे कोटींपर्यंत दीडशे कोटी वर्षांची पिछाडी, आणि संख्या तिप्पटही नाही. मग पुढच्या फक्त साठ कोटी वर्षांत पंचवीस पट. चंद्राच्या चेहऱ्यावरचे बहुतेक व्रण त्या सुरुवातीच्या तुकड्यातले आहेत, हे वाक्य शाळेपासून वाचलं होतं. आज कागदावर आपल्या हाताने उतरलं.

सर म्हणाले, "अगं, पण सूत्राला वर्षं कुठून मिळाली ते विचार. विवरं नुसती कमी-जास्त सांगतात." उत्तर अमेरिकेच्या अपोलो आणि सोव्हिएत लुना मोहिमांनी आणलेल्या खडकांत आहे. किरणोत्सारी कालमापनाने खडकाचं वय काढायचं, तो जिथून उचलला तिथली विवरं मोजायची, आणि आलेखावर एक बिंदू टाकायचा. अशा मोजक्या बिंदूंमधून काढलेली रेघ म्हणजे हे सूत्र.

माणूस चंद्रावर जायच्या आधी हे करून पाहणारा एक जण होता. विल्यम हार्टमन यांनी १९६५ मध्ये कॅनडाच्या प्राचीन भूखंडावरच्या आघात विवरांवरून माऱ्याचा वेग काढला, तो चंद्राला लावला, आणि चंद्रावरचे काळे सपाट प्रदेश सुमारे ३६० कोटी वर्षांचे असावेत असं लिहिलं. चार वर्षांनी अपोलो ११ ने अशाच एका काळ्या प्रदेशातला, शांतिसागरातला, बेसाल्ट (थिजलेल्या लाव्हाचा खडक) आणला. त्याची वयं ३६० ते ३९० कोटींच्या दरम्यान निघाली. हार्टमन यांचं नाव पट्टीवर मोठ्या अक्षरात जाणार.

२ नोव्हेंबर २०२५

पहिला चौकोन पूर्ण. वादळांचा महासागर नावाच्या काळ्या सपाट प्रदेशाच्या उत्तर भागात, रुमकर पर्वताच्या पूर्वेकडचा लाव्हाचा पट्टा, जिथे डिसेंबर २०२० मध्ये चीनचं चांग-ई ५ उतरलं आणि १,७३१ ग्रॅम नमुने घेऊन परत आलं. मोजायला सोपा प्रदेश: गुळगुळीत, विवरं तुरळक, कडा स्पष्ट. आमची संख्या अपेक्षित सतरापासून फार दूर गेली नाही.

हा चौकोन मी मुद्दाम आधी घेतला. ३०० कोटी आणि ८० कोटी वर्षं यांच्या मधल्या प्रचंड काळासाठी अपोलो-लुनाचा एकही भरवशाचा बिंदू नव्हता. त्यामुळे याच पट्ट्याचं वय मोहिमेआधी वेगवेगळ्या गटांनी विवरांवरून काढलं, ते सव्वाशे कोटींपासून दोनशे कोटींच्या पलीकडे पसरलेलं होतं. खडक हातात आल्यावर वय आलं २०३ कोटी. म्हणजे नॉयकुमच्या रेघेचा मधला लांबलचक भाग, जो तोवर फक्त दोन टोकांच्या भरवशावर ओढलेला होता, तो टिकला. पट्टीवर २०३ सेंटीमीटरवर पहिली खूण.

९ नोव्हेंबर २०२५

दुसरा चौकोन शांतिसागरात, अपोलो ११ च्या जागेजवळ. मी आणि मैत्रिणीने तो स्वतंत्रपणे मोजला, एकमेकींचा पडदा न बघता. दोघींच्या संख्या सूत्राच्या ६७ आणि १०५ यांच्या मध्ये पडल्या, पण एकसारख्या आल्या नाहीत. दोन्ही थर एकावर एक ठेवून पाहिलं. ठसठशीत विवरांवर एकमत. भांडण दोनच ठिकाणी.

एक, कडा झिजलेली, उथळ, जेमतेम किलोमीटरची विवरं. तिने सोडली, मी घेतली. अशांसाठी नियम केला: कडेचा निम्म्याहून जास्त घेर दिसला तरच घ्यायचं.

दुसरं जास्त गंभीर. काही विवरं रांगोळीच्या ठिपक्यांसारखी ओळीने बसलेली दिसतात, काही एकमेकांत मिसळलेल्या गुच्छात. ही आकाशातून आलेल्या दगडांची नव्हेत. दूर कुठे मोठा आघात झाला, तिथून उडालेले खडकाचे तुकडे इथे येऊन पडले, त्यांची ही दुय्यम विवरं. एका आघाताला शेकडो वेळा मोजलं तर वय फुगतं. ओळ, गुच्छ, लांबट आकार, दूरच्या विवराकडे रोखलेली दिशा या खुणांवरून ती वगळायची. पण एकटंदुकटं पडलेलं दुय्यम विवर कसं ओळखणार? लहान विवरांवरून काढलेल्या वयांबद्दल तज्ज्ञांत वाद आहे तो यासाठीच. एक किलोमीटरची मर्यादा ठेवली ते बरं झालं. त्याहून बारीक विवरांत दुय्यमांचा वाटा बराच असतो.

२६ नोव्हेंबर २०२५, चंपाषष्ठी

मैत्रिणीच्या गच्चीवर सहा इंची दुर्बीण लावली. षष्ठीच्या चंद्रावर प्रकाश आणि सावली यांची सीमा नेमकी थिओफिलस, सिरिलस आणि कॅथरिना या तीन विवरांशेजारून जाते. मोजणी पडद्यावर होते, पण क्रम डोळ्यांनी पाहायचा तर अशा रात्रीच.

थिओफिलस सुमारे १०० किलोमीटरचं, धारदार कडा, मध्ये डोंगरांचा झुबका. त्याची भिंत सिरिलसच्या अंगात सरळ घुसली आहे, म्हणजे सिरिलस आधीचं. दक्षिणेकडचं कॅथरिना आणखी झिजलेलं. आणि ही तिन्ही ज्या मोठ्या वर्तुळाच्या काठावर बसली आहेत, ते नेक्टारिस बेसिन (बेसिन म्हणजे प्रचंड आघाताने झालेलं, शेकडो किलोमीटर रुंद विवर) या सगळ्यांच्या आधीचं. एका नजरेत तीन-चार पिढ्या. इथे वर्षांचा एकही आकडा लागत नाही आणि कुणी वाद घालू शकत नाही.

शेजारची मुलं दुर्बिणीसाठी रांग लावून उभी होती. सगळे खड्डे गोलच का, तिरपा दगड आला तर लांबट नको का व्हायला, असं एकाने विचारलं. हा प्रश्न ग्रोव्ह कार्ल गिल्बर्ट या अमेरिकन भूवैज्ञानिकाला १८९० च्या दशकात छळत होता. चंद्रावरची विवरं आघाताने झाली असं त्याने १८९३ मध्ये मांडलं, पण त्यांची गोलाई त्याला नीट उलगडली नाही. दगड सेकंदाला पंधरा-वीस किलोमीटर वेगाने येतो. तो जमीन खणत नाही, जागच्या जागी फुटतो. त्याची सगळी ऊर्जा एका बिंदूपाशी मोकळी होते आणि धक्क्याची लाट सर्व बाजूंना सारखी पसरते, म्हणून खड्डा दगडाच्या दहा ते वीस पट मोठा आणि गोल. फार निसटता आघात असेल तरच लांबट. मुलाला हे पटलं, आणि त्याने लगेच सिरिलसची मोडकी भिंत दाखवून विचारलं की हे मग गोल का नाही. त्याचं उत्तर त्यालाच शोधू दिलं. त्याने शोधलं.

३० नोव्हेंबर २०२५

शुद्ध दशमी. आज आर्किमिडीझ, इरॅटोस्थेनिझ आणि कोपर्निकस ही विवरं प्रकाशात. चंद्राच्या कालगणनेचा पाया याच भागात घातला गेला. यूजीन शूमेकर आणि रॉबर्ट हॅकमन यांनी १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला, एकही चंद्रखडक हाती नसताना, या प्रदेशाचे थर लावले.

सरांनी ते दुर्बिणीपाशी उभं राहून आम्हाला परत शिकवलं, आणि मी अक्षरशः पाठ लिहून घेतल्यासारखं लिहून घेतलं. आधी इंब्रियम बेसिनचा आघात, व्यास हजार किलोमीटरच्या वर. त्याच्या तळावर आर्किमिडीझ, ८० किलोमीटरच्या आसपासचं. पण आर्किमिडीझच्या पोटात आणि भोवतीही लाव्हा भरलेला आहे, म्हणजे ते लाव्हाच्या आधीचं. मग बेसिन होणं आणि लाव्हा भरणं यांच्यात इतका अवकाश गेला असला पाहिजे की मध्ये आणखी मोठे आघात झाले. इरॅटोस्थेनिझ लाव्हाच्या वर आहे, पण त्याच्याभोवती उजळ किरणपट्टे (आघातात उडालेल्या मलब्याच्या लांब रेघा, काळाबरोबर त्या पुसट होतात) नाहीत. कोपर्निकसचे किरणपट्टे सगळ्यांच्या वर. चार आघात, लाव्हाचा भर आणि एक मोकळा काळ, नुसतं कोण कोणावर आहे ते पाहून.

यातूनच चंद्राचे कालखंड ठरले: नेक्टारिसपूर्व, नेक्टारिस, इंब्रियम, इरॅटोस्थेनिझ, कोपर्निकस. गंमत अशी की पट्टीवर शेवटचे दोन कालखंड मिळून तीन मीटरहून जास्त जागा अडवतात, आणि पहिले तीन डावीकडच्या उरलेल्या भागात दाटीवाटीने. घडलं मात्र जवळजवळ सगळं त्या दाटीत.

४ डिसेंबर २०२५

दत्तजयंती, पौर्णिमा. विवरं जवळजवळ नाहीशी, कारण सावल्याच नाहीत. त्याऐवजी टायकोचे किरणपट्टे अर्ध्या चंद्रावर पसरलेले. टायको ८५ किलोमीटरचं, वय सुमारे ११ कोटी वर्षं. हे वय टायकोपाशी जाऊन काढलेलं नाही. दोन हजार किलोमीटरहून दूर, अपोलो १७ च्या दरीत, टायकोतून उडालेल्या मलब्याने एक दरड कोसळली असं मानतात, तिचं ते वय. कोपर्निकसचं ८० कोटी वर्षंही असंच, अपोलो १२ ने उचललेल्या मातीतून.

पट्टीवर ११ आणि ८० सेंटीमीटर. नोंद संपली, आज थंडी फार आहे.

१४ डिसेंबर २०२५

तिसरा चौकोन दक्षिणेकडच्या उजळ, खडबडीत प्रदेशात. तो पूर्ण होणार नाही, आणि तो पूर्ण का होत नाही हीच या प्रकल्पातली मला सर्वांत मोलाची वाटलेली गोष्ट.

४१० कोटी वर्षांसाठी सूत्र १,२२० विवरं मागतं. आम्ही मोजत गेलो आणि लक्षात आलं की इथे संख्येला अर्थ राहत नाही. विवरात विवर, कडेवर विवर, मोठ्याच्या मलब्याखाली पुरलेलं जुनं. पृष्ठभाग असा भरला की प्रत्येक नवं विवर सरासरीने एक जुनं पुसतं. त्यापुढे मारा आणखी पन्नास कोटी वर्षं चालला काय किंवा शंभर, संख्या वाढत नाही. घड्याळ चालू आहे पण काटा अडकलेला आहे. अशा जागेबद्दल एवढंच म्हणता येतं: वय निदान इतकं.

मोठी विवरं उशिरा भरतात, म्हणून शास्त्रज्ञ सर्वांत जुन्या प्रदेशांसाठी वीस किलोमीटरहून मोठी विवरं घेतात. ऑर्बिटरच्या लेझर उंचीमापकावरून जेम्स हेड यांच्या गटाने २०१० मध्ये सगळ्या चंद्रावरची अशी ५,१८५ विवरं नोंदली. आमच्या एका चौकोनाला तो मार्ग बंद, एवढ्या जागेत वीस किलोमीटरची बसणार किती! म्हणून तिसऱ्या चौकोनाचा निकाल पट्टीवर "निदान" या शब्दासह जाईल.

हा मारा वरवरचा नव्हता. नासाच्या ग्रेल या जोडयानांनी २०१२ मध्ये चंद्राचं गुरुत्व बारकाईने मोजलं, तेव्हा उजळ प्रदेशांच्या कवचाची सच्छिद्रता सरासरी १२ टक्के निघाली. कवच कित्येक किलोमीटर खोलवर भेगाळलेलं आहे. त्या काळात पृथ्वीच्या कवचाचं काय होत असेल, समुद्र असतील तर ते कितीदा उकळले असतील, हे विचार रात्री झोपू देत नाहीत.

२७ डिसेंबर २०२५, लोणार

सरांचा आग्रह होता की पडद्यावर हजारो विवरं पाहिलीत, आता एकाच्या काठावर उभ्या राहा. बुलढाणा जिल्ह्यातलं लोणार हे बेसाल्टमध्ये झालेलं विवर, आणि पृथ्वीवर अशी सुस्थितीतली विवरं फार दुर्मीळ. चंद्राच्या काळ्या प्रदेशांतला खडकही बेसाल्टच, म्हणून जगभरचे चंद्राभ्यासक इथे येतात.

व्यास सुमारे १.८ किलोमीटर. आमच्या नकाशावर हे अठरा पिक्सेलचं, मोजणीच्या मर्यादेच्या जरा वरचं विवर झालं असतं. पडद्यावर एका क्लिकमध्ये संपणारी गोष्ट. काठाची चक्कर मारायला मात्र आम्हाला अर्धा दिवस लागला. सरांनी काठावरचे बेसाल्टचे थर दाखवले: नेहमी आडवे असणारे थर बाहेरच्या बाजूला कललेले, वर उचललेले, काही ठिकाणी उलटे झालेले. हे ज्वालामुखीच्या मुखाला शोभत नाही. तळं ज्वालामुखीचं की उल्केचं हा वाद १९७३ मध्ये मिटला, कारण खडकात मास्केलिनाइट सापडलं: फेल्डस्पार या खनिजाचे स्फटिक प्रचंड दाबाच्या धक्क्याने काचेसारखे झालेले. असं मास्केलिनाइट अपोलोच्या नमुन्यांतही आहे. इथून दगड उचलायची परवानगी नाही, आम्ही फक्त फोटो घेतले.

संध्याकाळी दैत्यसूदन मंदिराच्या ओट्यावर बसून वयाचा विषय निघाला. लोणारच्या काचेचं एका पद्धतीने वय आलं सुमारे ५२,००० वर्षं. २०११ मध्ये वितळलेल्या खडकांवर आर्गॉन पद्धतीने (खडकातल्या पोटॅशियमपासून काळाबरोबर साठत जाणारा आर्गॉन वायू मोजून) आलं ५ लाख ७० हजार. दहा पटींहून जास्त फरक! आघाताचं वय काढणं असं अवघड का? मूळ बेसाल्ट साडेसहा कोटी वर्षांचा. आघाताने तो वितळला, पण आतला जुना आर्गॉन वायू पूर्ण निघून गेला नाही तर खडक आहे त्याहून म्हातारा दिसतो. उलट, नंतरच्या उष्णतेने थोडा वायू निसटला तर तरुण दिसतो.

सर म्हणाले, "लोणार हाताशी आहे, हवे तितके नमुने आहेत, तरी ही परिस्थिती. आता अशाच खडकांवरून चंद्राच्या ३९० कोटी वर्षांपूर्वीचं बोलायचं आहे. हे डोक्यात ठेवून पुढचं वाच."

१० जानेवारी २०२६

वाचलं. आठ दिवस तेच वाचत होते.

१९७४ मध्ये कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या फुआद तेरा, दिमित्री पापानास्तासिऊ आणि जेराल्ड वॉसरबर्ग यांनी दाखवलं की अपोलोच्या उजळ प्रदेशांतल्या खडकांचं युरेनियम-शिसं घड्याळ सुमारे ३९० कोटी वर्षांपूर्वी बिघडलेलं, म्हणजे नव्याने सुरू झालेलं दिसतं. वेगवेगळ्या जागा, आणि वय एकच. त्यांनी निष्कर्ष काढला की चंद्राच्या जन्मानंतर साठ कोटी वर्षांनी अचानक माऱ्याचा उद्रेक झाला, आणि थोड्या काळात बरीचशी मोठी बेसिनं खोदली गेली. याला "चंद्रावरचा महाउत्पात" म्हणू लागले. २००५ मध्ये नीस इथल्या वेधशाळेशी जोडलेल्या गटाने कारणही सुचवलं: गुरू आणि शनी यांच्या कक्षा सरकल्या, त्यांचं भ्रमण विशिष्ट तालात आलं, आणि त्या ओढाताणीत लघुग्रह आणि धूमकेतू आतल्या ग्रहांवर फेकले गेले. चंद्रावरच्या खडकापासून सूर्यमालेच्या रचनेपर्यंत एक सरळ धागा. मला कॉलेजात हेच शिकवलं गेलं आणि मी ते मनापासून मानत आले.

विरोधही सुरुवातीपासून होता, हार्टमन त्यात होते. गेल्या पंधरा-वीस वर्षांत तो वजनदार झाला. अपोलोच्या सहाही जागा चंद्राच्या समोरच्या बाजूला, विषुववृत्ताच्या आसपास. त्या बाजूचा सर्वांत मोठा तरुण आघात इंब्रियम, आणि त्याचा मलबा सगळीकडे उडालेला. अपोलो १४ तर तो मलबा आणायलाच गेलं होतं. अपोलो १७ ने आणलेले खडक सेरेनिटाटिस बेसिनचे मानले जात. २०११ मध्ये पॉल स्पुडिस आणि सहकाऱ्यांनी ऑर्बिटरच्या छायाचित्रांवरून दाखवलं की तिथल्या टेकड्या इंब्रियमच्या मलब्याच्या असाव्यात. विवरांच्या मोजणीत सेरेनिटाटिस बरंच जुनं दिसतं. मग "वेगवेगळ्या जागा, एकच वय" याचा अर्थ एवढाच होऊ शकतो की सगळीकडे एकाच इंब्रियमचा खडक उचलला गेला.

दुसरी बाजू प्रयोगशाळेची. २०१६ मध्ये पॅट्रिक बेंकी आणि मार्क हॅरिसन यांनी गणिती नमुन्याने दाखवलं की मारा हळूहळू ओसरत गेला असेल, तरी आर्गॉनच्या अर्धवट निसटण्यामुळे वयांच्या आलेखावर ३९० कोटींपाशी खोटा उंचवटा उभा राहू शकतो. लोणारच्या ओट्यावरची गोष्ट, चंद्राच्या मापाची. पृथ्वीवर सापडलेल्या चंद्राच्या अशनींमध्ये, जे चंद्राच्या कोणत्याही भागातून आलेले असू शकतात, ३९० कोटींचा तसा तीक्ष्ण सुळका दिसत नाही. आणि गुरू-शनीची ती उलथापालथ झाली असेलच तर सूर्यमालेच्या पहिल्या दहा कोटी वर्षांत झाली असावी, असं आता बरेच अभ्यासक म्हणतात.

माझा कल बदलला आहे. उद्रेक नव्हता, ओसरत जाणाऱ्या माऱ्याची लांब शेपटी होती, असं मला आज जास्त पटतं. पण आमच्या चौकोनांतून याचा निर्णय लागत नाही, आणि तो का लागत नाही ते तिसऱ्या चौकोनाने मला चांगलं शिकवलं आहे: नेमक्या त्या काळात विवरांचा काटा अडकलेला आहे. क्रमाबद्दल विवरांवर डोळे मिटून विश्वास ठेवावा. ३८० कोटींच्या पलीकडच्या वर्षांसाठी खडकच हवा, आणि तो इंब्रियमपासून लांबचा हवा.

१८ जानेवारी २०२६

असा खडक आला आहे. चांग-ई ६ ने जून २०२४ मध्ये चंद्राच्या पलीकडच्या बाजूवरून १,९३५ ग्रॅम नमुने आणले, दक्षिण ध्रुव–एटकेन बेसिनच्या आतल्या अपोलो नावाच्या बेसिनमधून. दक्षिण ध्रुव–एटकेन हे चंद्रावरचं सर्वांत मोठं बेसिन, रुंदी सुमारे २,५०० किलोमीटर. म्हणजे आपल्या इथून काश्मीर ओलांडून जाईल एवढं. त्याच्या आत आणि काठावर इतर बेसिनं बसलेली आहेत, म्हणून ते सर्वांत जुनं, हे क्रमावरून केव्हाच ठरलं होतं. वर्षांचा आकडा नव्हता. २०२५ मध्ये चिनी शास्त्रज्ञांनी नमुन्यातल्या आघातजन्य खडकांच्या कणांवरून तो दिला: ४२५ कोटी.

हे बरोबर असेल तर ४२५ ते ३९० या पस्तीस कोटी वर्षांत ओळखता येणारी बाकीची जुनी बेसिनं एकामागून एक बसवायची आहेत. सगळी शेवटच्या चिमटीत कोंबण्याची गरज कमी होते. मैत्रीण म्हणाली की एका नमुन्यावर इतकं बांधू नकोस. तिचं बरोबर आहे.

आपलं चांद्रयान-३ सुद्धा याच कथेत आहे, आणि हे सांगताना मला फार आनंद होतो. २३ ऑगस्ट २०२३ ला विक्रम उतरलं ते ६९ अंश दक्षिणेजवळ, एटकेन बेसिनच्या काठापासून सुमारे ३५० किलोमीटरवर. प्रज्ञानवरच्या क्ष-किरण उपकरणाने जागोजागी मातीची मूलद्रव्यं मोजली. अहमदाबादच्या भौतिकी संशोधन प्रयोगशाळेच्या गटाने २०२४ मध्ये मांडलं की ही माती मुख्यतः अॅनॉर्थोसाइट प्रकारची आहे, म्हणजे चंद्र वितळलेला असताना हलका खडक वर तरंगून झालेलं मूळ कवच. त्यात मॅग्नेशियमचं प्रमाण थोडं जास्त, ते एटकेनच्या आघाताने खोलातून वर आलेल्या द्रव्याचं असावं. त्याच जागेभोवती झिजून, पुरून गेलेलं १६० किलोमीटरचं एक जुनं विवरही भारतीय शास्त्रज्ञांनी ओळखलं. मोठा आघात म्हणजे फुकटात मिळालेली खोल विहीर. तिचा उपसा कुठे पडला ते कळलं की चंद्राचं पोट वाचता येतं.

३१ जानेवारी २०२६

पट्टी कशी रंगवायची यावरून आज चांगला वाद झाला. सर म्हणाले, उद्रेकाचा सुळका दाखवा, अजून बऱ्याच पुस्तकांत तोच आहे, मुलं गोंधळतील. मैत्रीण म्हणाली, ३८० सेंटीमीटरच्या डावीकडे काहीच रंगवू नका. मला दोन्ही पटेना. तो भाग कोरा ठेवला तर सगळ्यांत जास्त जिथे घडलं, तिथेच मुलांना काही घडलं नाही असं वाटेल.

शेवटी ठरलं असं. उजवीकडून ३८० पर्यंत एक सलग वक्र, कारण तिथे खडकांचे बिंदू आहेत आणि आमची मोजणीही जुळते. त्यापलीकडे दोन वक्र, दोन्ही तुटक रेषेत: एक सुळक्याचा, एक उताराचा. दोन्हीखाली सारख्याच आकाराच्या अक्षरात पुरावा. वक्रांच्या खाली स्वतंत्र ओळीत बेसिनांचा क्रम, सलग रेषेत: एटकेन, नेक्टारिस, क्रिसियम, इंब्रियम, ओरिएंताल. क्रमाची ओळ वादाच्या बाहेर राहते, हे पट्टीकडे पाहूनच कळावं.

सरांनी बराच वेळ कच्चा आराखडा पाहिला आणि म्हणाले, "सुळक्याच्या खाली तेरा-पापानास्तासिऊ-वॉसरबर्ग यांची नावं घाल. ते चुकले असं ठरलं तरी प्रश्न त्यांनीच दिला." घातली.

१५ फेब्रुवारी २०२६

छपाईला गेली. साडेचार मीटर एका तुकड्यात फ्लेक्सवर निघते, कापडापेक्षा रेघा स्वच्छ येतात. लोणारसाठी उजव्या टोकाला जागा हवी होती. ५ लाख ७० हजार वर्षं म्हणजे अर्ध्या मिलिमीटरच्या जरा वर, छपाईत ती रेघ कडेतच मिसळते. म्हणून तिला बाण काढून वर वेगळ्या चौकटीत काठावरच्या कललेल्या थरांचा फोटो टाकला.

पट्टीशेजारी एक टेबल मांडायचं: शांतिसागराच्या चौकोनाचे मोठे प्रिंट, पारदर्शक कागद, स्केच पेन. येणाऱ्याने विवरं मोजायची आणि सूत्राच्या तक्त्यात वय शोधायचं. झिजलेल्या विवरांचा आणि ओळीतल्या गुच्छांचा नियम टेबलावर लिहून ठेवला आहे. शेवटची दोन प्रिंट सकाळच्या उन्हाच्या कोनातली आणि माथ्यावरच्या उन्हाची, एकाच जागेची. कोन बदलला की संख्या कशी बदलते ते ज्याला पाहायचं त्याने पाहावं.

मार्चपासून चौथा चौकोन घेऊ. ओरिएंताल बेसिनच्या तळावर, कारण ते मोठ्या बेसिनांत सर्वांत तरुण आणि त्याच्या तळावर काटा अजून अडकलेला नाही. त्यासाठी चांद्रयान-२ च्या टेरेन कॅमेऱ्याची पाच मीटरची छायाचित्रं इस्रोच्या संकेतस्थळावर शोधायची. मैत्रिणीने नोंदणी केली आहे.